सोवळ्यांतलें तपेलें

स्वच्छ हातांनीं, सोवळ्यांत रांधिलेलें अन्न शुद्धच असावयाचें, असा आमच्या घराचा तीन पिढ्यांचा विश्वास होता. तो गेल्या वर्षीं ढळला. कसा ढळला, हें सांगितल्यास एखाद्या घरास तरी उपयोग होईल, या हेतूनें चार शब्द लिहीत आहों.

आमचें घर मुक्ताईनगरांत. जुन्या माणसांच्या तोंडीं अद्यापि एदलाबाद. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताबाईची यात्रा भरली म्हणजे कोथळीच्या जुन्या देवळास आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवास जाणारे पाहुणे आमच्याकडे उतरतात. पंगतीची आमटी शिजे ती माईकाकूंच्या पितळी तपेल्यांत. काकूंच्या लग्नांत आलेलें तें तपेलें. वर्षांतून दोनदां कल्हई झाली कीं रुप्यासारखें लखलखे. यात्रा सरली तरी चिंच-गुळाची रोजची आमटी त्यांतच होई.

आमची धाकटी नात पांच वर्षांची. गेल्या पावसाळ्यांत तिचा रंग उतरला. वरचेवर पोट दुखे, जेवण नको म्हणे, पाठ असलेलीं गाणीं विसरूं लागली. आम्हीं आधीं दूरच्या धुराड्यांस दोष दिला, मग केळीच्या मळ्यांतील फवारणीस. जळगांवच्या डॉक्टरांनीं मात्र रक्त तपासविलें. हिमोग्लोबिन 9 निघालें, आणि शंभर मिलिलिटर रक्तांत शिसें 14 मायक्रोग्रॅम! हा आंकडा 5 वा अधिक असल्यास शिशाचा उगम शोधून तो बंद करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं सांगितलें आहे. त्याहून कमी शिसेंही निर्धोक म्हणतां येत नाहीं.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, धुराचें नंतर पाहूं. हळद कोठून घेतां आणि भांडीं कोणतीं वापरतां, तें आधीं सांगा."

रंग खुलावा म्हणून हळदीस शिशाचें क्रोमेट लावण्याचा प्रकार बांगलादेशांत 2019 सालीं गाजला होता. आमची हळद ओळखीच्या मळ्यांतली व घरीं दळलेली. राहिलें तपेलें. त्याच्या कल्हईचा खरवड तपासावयास पाठविला. त्यांत शिसें निघालें. कल्हईस शुद्ध कथील हवें. तें महाग पडतें, म्हणून कोणी त्यांत स्वस्त शिसें मिसळतात. आणि चिंच, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांत तें सहज उतरतें.

पण आमटी तर आम्ही सारेच जेवत होतों. मग बाधा पोरीलाच कां? याचें उत्तर आम्हांस विचार करावयास लावणारें होतें. गिळलेलें शिसें मुलें प्रौढांच्या चार-पांच पट अधिक शोषून घेतात. शिवाय शिसें शरीरांत शिरतें तें लोहाच्या आणि चुन्याच्या वाटेनेंच. आंतड्यांतील जो वाहक लोह उचलतो, तोच शिसेंही उचलतो. लोह कमी पडलें कीं शरीर असे वाहक वाढवितें, आणि त्याचा लाभ शिशास मिळतो. पोट रिकामें असल्यास शोषण आणखी वाढतें. आमची नात सकाळीं चहांत बुडविलेलें बिस्किट खाऊन शाळेंत जाई. आणि चहा तर अन्नांतील लोह अडवितो. म्हणजे विष भांड्यांत होतें, पण त्याला दार आमच्या न्याहारीनें उघडून दिलें होतें.

माईकाकूंना हें सांगावयाचें कोणी, हाच मोठा प्रश्न. सूनबाईनें धीर केला. काकू दोन दिवस बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं तपेलें स्वतः माळ्यावर ठेवविलें आणि म्हणाल्या, "हातांचें सोवळें मीं जन्मभर पाळलें, भांड्याच्या पोटांत काय आहे, हें मला कोणीं सांगितलें नाहीं." आम्हांसही तें ठाऊक नव्हतें, एवढेंच उत्तर आमच्यापाशीं होतें.

उगम बंद केल्यावांचून नुसतें चांगलें खाणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें होय. तो बंद झाल्यावर मात्र आहाराचें मोल मोठें. डॉक्टरांनीं लोहाचें औषध दिलें. तें दुधाबरोबर देऊं नये, कारण दुधांतील चुना लोहास अडवितो, हेंही बजाविलें. सकाळीं कळण्याची किंवा बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वर लिंबू, कारण लिंबानें लोह अंगीं लागतें, दुपारीं दहीं, मधल्या वेळीं तिळगुळाची वडी, चहा बंद. केळीं दाराशीं पिकतात म्हणून तींच पोटभर द्यावीं असें वाटे. पण केळ्यांत लोह थोडेंच असतें. घरांतील इतर मुलांचेंही रक्त तपासून घेतलें.

सहा महिन्यांनीं शिसें 6 वर आलें, हिमोग्लोबिन 11 वर गेलें. पोर पुन्हां गाऊं लागली. तरी हाडांत मुरलेलें शिसें वर्षानुवर्षें राहतें, आणि कोवळ्या बुद्धीस कांहीं इजा झाली असल्यास ती भरून येईलच असें डॉक्टर म्हणत नाहींत. हें शल्य आमच्या मनांतून जावयाचें नाहीं.

यंदाच्या यात्रेस आमटी पोलादी पातेल्यांत शिजली. चवींत उणें आहे, असें एका पाहुण्यानें म्हटलें. माईकाकूंनीं त्यांना आणखी एक पळी वाढली, आणि शेजारीं बसलेल्या नातीच्या भाकरीवर लिंबू पिळलें.