खोडी आणि खून

देवळाली प्रवरा. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्यात आणि मी १९४० च्या 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात गढलोय. बॅटमॅनचा वैरी जोकर इथेच पहिल्यांदा भेटतो. त्याच्या विषाने मेलेल्या माणसांचे चेहरे हसरेच राहतात. ते चित्र अंगावर येतं. अंकाच्या शेवटी तो मरायचा होता, पण संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी त्याला जगवलं. फार बरं केलं! पुढे खून कमी होत गेले, आणि १९५४ च्या कॉमिक्स नियमावलीनंतर तो खोडकर चोर उरला. मला हाच जोकर जवळचा वाटतो. आमच्याकडे शिमग्याला पोरं एखाद्या म्हातारीच्या गोवऱ्या होळीसाठी पळवतात. म्हातारी शिव्या घालते आणि संध्याकाळी त्याच होळीला नैवेद्य दाखवते. खोडी अशी असावी, ज्याची काढली त्यालाही सामील करून घेणारी.