उटण्याची वाटी

उटणे हा शब्द संस्कृतातील ‘उद्वर्तन’ या शब्दाचे मराठी रूप असून, तेल चोळलेल्या अंगावर वनस्पतींचे कोरडे चूर्ण घासून तेल आणि मळ एकत्र उतरवणे, ही त्यामागची मूळ क्रिया होय. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान हा क्रम येतो. उटणे अंगावर राहण्यासाठी नसून धुऊन जाण्यासाठी आहे, ही गोष्ट त्या क्रमातच सांगून झालेली आहे. आज ‘नैसर्गिक’ आणि ‘रसायनमुक्त’ या शब्दांनी सजलेल्या डब्यांतून निवड करताना पदार्थ कशापासून केला एवढेच विचारले जाते. तो त्वचेवर किती वेळ राहणार, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र मागे पडतो.

मराठी घरात जन्मलेल्या बहुतेकांची उटण्याशी पहिली गाठ आठवण धरण्याच्या आधीच पडलेली असते. बाळाला तेल चोळून, डाळीचे पीठ, साय आणि चिमूटभर हळद लावून न्हाऊ घालण्याची रीत प्रस्तुत लेखिकेच्या घरातही होती. पिठातील स्टार्च आणि तंतू तेल शोषून घेतात आणि साय पिठाचा खरखरीतपणा कमी करते, म्हणून ही रीत टिकली. परंतु नवजात बाळाच्या त्वचेचा बाहेरचा थर पातळ असतो आणि पिठाचे कण घासले गेले की त्याला इजा होऊ शकते, या कारणाने आजचे त्वचारोगतज्ज्ञ ती नको म्हणतात. घरातले, ताजे आणि खाण्याजोगे असूनही एखादे द्रव्य विशिष्ट वयाच्या त्वचेला न मानवणारे ठरू शकते, हा धडा पहिल्याच स्नानात होता. तो समजायला पुढची अनेक वर्षे जावी लागली.

आठवणीतले उटणे मात्र दिवाळीचे आहे. लेखिकेच्या बालपणी, १९७० च्या दशकात, नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी काष्ठौषधींच्या दुकानातून जिन्नस सुटे आणले जात: नागरमोथा, म्हणजे लव्हाळ्याच्या जातीच्या वनस्पतीचा सुगंधी कंद, वाळा, म्हणजे एका गवताची मुळे, आंबेहळद, म्हणजे कैरीच्या वासाची हळदीची भावंड जात, शिवाय कचोरा, गुलाबपाकळी आणि संत्र्याची वाळलेली साल. हे सर्व कुटून वस्त्रगाळ, म्हणजे पातळ कापडातून चाळलेले, केले जाई आणि मसुराच्या पिठात मिसळून वाटीत कालवले जाई. त्याच दुकानात, त्याच फळीवर, बिब्बा आणि बावची हेही ठेवलेले असत. धोबी ज्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत तो बिब्बा पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि त्याचा रस त्वचेवर लागला की फोड येतात. बावचीच्या बियांतील सोरॅलेन हे द्रव्य त्वचेला उन्हाविषयी इतके हळवे करते की, बावची लावलेला भाग उन्हात भाजल्यासारखा होतो. कोणता जिन्नस वाटीत जायचा आणि कोणता नाही, हे ज्ञान निसर्गाने दिलेले नव्हते. ते आणणाऱ्या, कुटणाऱ्या आणि लावणाऱ्या हातांना जिन्नसांची ओळख असण्यातून आले होते.

वयात येताना ही वाटी मागे सरली आणि तिची जागा वडीने व ट्यूबने घेतली. साबण हे चरबी अथवा तेल आणि अल्कली यांच्या संयोगातून होणारे क्षार असल्यामुळे त्याचा सामू, म्हणजे आम्लता मोजण्याच्या मापावरचा अंक, साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, किंचित आम्लधर्मी असतो. चेहरा धुतल्यावर येणारी ताण बसल्यासारखी जाणीव ही या तफावतीची खूण आहे. गोरे करण्याचे आश्वासन देणारी मलमे भारतीय बाजारात १९७५ नंतर घरोघर पोहोचली. अशा प्रकारच्या काही बेकायदा मलमांत वापरला जाणारा पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो खरा, पण तो शरीरात शिरून मूत्रपिंडांना इजा करतो. म्हणूनच २०१३ च्या मिनामाता करारात दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक पारा असलेली त्वचा उजळवणारी प्रसाधने वर्ज्य ठरवण्यात आली. त्याच वयात मैत्रिणींच्या सल्ल्याने चेहऱ्यावर चोळले जाणारे लिंबू घरगुती होते. पण ते लावून उन्हात जाणाऱ्यांच्या गालांवर डाग उठत, कारण लिंबाच्या सालीतही बावचीच्याच कुळातील द्रव्ये असतात.

लग्नात हळद लागते तेव्हा उटण्याचे एक मंगल रूप पुन्हा अंगावर येते आणि त्यासोबत कुंकू व टिकली रोजची होते. घरी कुंकू करताना हळदीवर अल्कधर्मी द्रव्याची प्रक्रिया करून लाल रंग आणला जाई. बाजारी कुंकवात पुढे कृत्रिम रंग आले. शेंदूर तर मुळातच शिशाचे ऑक्साइड आहे. हळदीला अधिक पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेटची भेसळ केली जाते, हे लक्षात घेतले तर हळकुंड घरी दळण्याचा जुना आग्रह केवळ हौशीचा राहत नाही. टिकलीच्या डिंकातील पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी नष्ट करू शकते. लेखिकेच्या कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उमटला तेव्हा, वस्तूवर काय लिहिले आहे हे वाचण्याची सवय तिला प्रथम लागली. त्या पाकिटावर डिंकाविषयी एक अक्षरही नव्हते.

वेष्टन वाचताना कळते की, कोरडे चूर्ण आणि ओलसर मलम यांची तुलना एका मापाने करता येत नाही. ज्या पदार्थात पाणी आहे त्यात जंतू आणि बुरशी वाढतात, म्हणून त्यात परिरक्षक, म्हणजे नासू न देणारे द्रव्य, आवश्यक असते. पॅराबेन हा अशा परिरक्षकांचा मोठा गट असून, युरोपीय संघाने २०१४ मध्ये त्यातील पाच प्रकारांवर बंदी घातली आणि उरलेल्यांतील काहींना ठरावीक प्रमाणाच्या आत मुभा ठेवली. त्यामुळे ‘पॅराबेन नाही’ असे वाचून समाधान मानण्यापेक्षा त्याऐवजी काय आहे, हे पाहणे शहाणपणाचे असते. घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. एक टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणून डब्याच्या तोंडावर चंदन आणि यादीच्या शेवटी चंदन असले, तर ते बहुधा नावापुरतेच असते. ‘सुगंध’ या एका शब्दात अनेक द्रव्ये सामावतात आणि त्यांतील काही वनस्पतींतूनच आलेली असतात. संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हवा लागून जुने झाले की त्वचेला अधिक सहज बाधते.

उतारवयात त्वचा कोरडी होते आणि तेव्हा पीठही तिच्यातला उरलेला स्निग्धपणा ओढून घेते. लेखिकेचे उटणे आता दिवाळीतले शास्त्रापुरते बोट एवढेच राहिले आहे; रोज मात्र कोमट पाणी, काखा आणि पाय एवढ्याच ठिकाणी साबण, आणि ओल्या अंगावर थोडे खोबरेल. नवीन काही आणलेच तर ते आधी दंडाच्या आतल्या बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहिले जाते. तिच्या आजीचा एक नियम असा होता की, दिवाळीसाठी कुटलेले उटणे तुळशीच्या लग्नापर्यंत संपवायचे आणि उरले तर वृंदावनाच्या मातीत मिसळायचे, पुढच्या वर्षासाठी ठेवायचे नाही. लहानपणी हा नियम भक्तीचा वाटे. दमट हवेत पिठाला जाळी धरते, हे कळल्यावर तो मुदतीचा वाटू लागला. आता डब्याच्या तळाशी छापलेली बारीक तारीख भिंगाखाली धरताना तो दोन्ही वाटतो.