बाबांची वायर

पहिल्या बोनसमधून मी बाबांना १८,००० रुपयांची स्पीकर-वायर आणली. घरी सांगितलं अडीच हजार. बाबा वायरमन म्हणून निवृत्त झालेत, तेवढ्यावरही 'सोन्याची आहे का?' असं विचारलंच.

दुकानदार म्हणाला होता, वायर मुरायला शंभर तास द्या. (लोणच्याचं ऐकलं होतं.) पण मुरायची गरजच पडली नाही. जोडली, किशोरीताईंचा भूप लावला आणि तबल्याच्या डग्ग्याला पोट आलं. बाबा म्हणाले, 'इतकी वर्षं हे कुठं होतं गं?' मला रडूच आलं.

इथं थांबायला हवं होतं. पण मी रात्री हिशेब करत बसले. जुनी वायर लॅमिंग्टन रोडवर मीटरच्या भावानं घेतलेली, तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटर. तिचा रोध किलोमीटरला साधारण ७ ओहम. स्पीकरपर्यंत तीन मीटर जायला, तीन यायला, म्हणजे ०.०४ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. अर्धा टक्का फरक. एवढ्यानं डग्ग्याला पोट येत नाही.

मग जुनी वायर नीट पाहिली. दोन्ही तारा पांढऱ्या, म्हणून बाबांनी प्लसच्या तारेला लाल दोरा बांधला होता. डाव्या स्पीकरच्या टोकाला तो चुकीच्या तारेवर होता. एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा आणि खर्ज हवेतच एकमेकांना खाऊन टाकायचा. बारा वर्षं!

जुनीच वायर सरळ जोडली. डग्गा तसाच. भावाला वायरी बदलायला बसवून मी डोळे मिटून ओळखायला बसले. दहापैकी सहा बरोबर. नाणं उडवूनही तेवढं जमलं असतं.

आता बाबांना काय सांगायचं? अख्ख्या चाळीचं वायरिंग केलेला माणूस. कुठं फेज-न्यूट्रल उलटलं नाही कधी. मी महागडी वायर परत जोडून गप्प बसणार होते, तेवढ्यात ते चहा घेऊन आले. जुनी वायर हातात घेतली, दोऱ्यापाशी अंगठा थांबला.

'खरे किती दिलेस?'

'अठरा.'

ते काही बोलले नाहीत. चष्मा लावून त्यांनी दोरा सोडला आणि शेजारच्या तारेला बांधला.