डावा हात

अण्णा पुण्यात आले होते कान तपासून घ्यायला. रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो. मी चहा टाकला आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मोबाईलवरून एक वारकरी भजन लावलं. माझ्या खोलीत भिंतीवर दोन छोटे स्पीकर आहेत आणि त्यांच्या खाली एका प्लास्टिकच्या डब्यात मी स्वतः जोडलेला वायफाय ऑडिओ बोर्ड. मोबाईलवर गाणं निवडायचं, बोर्ड ते इंटरनेटवरून ओढून घेतो आणि त्याच्यावरचाच अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर वाजवतो. मला त्या डब्याचा फार अभिमान.

अण्णांनी दोन मिनिटं ऐकलं. मग विचारलं, “पखवाजवाल्याचा डावा हात मोडलाय का गं?”

मी हसले. पण ते चेष्टा करत नव्हते.

कराडजवळच्या आमच्या गावात अण्णांनी तीसेक वर्षं भजनात पखवाज वाजवला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्या वजनानं कातडं सावकाश हलतं आणि आवाज खाली उतरतो. लहानपणी ती कणीक मळून द्यायचं काम माझं होतं. जास्त सैल झाली तर ओरडा बसायचा. दोन वर्षांपूर्वी अण्णांनी वाजवणं सोडलं. मनगट दुखतं म्हणाले. आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं.

खरं कारण त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये होतं. कानाच्या तपासणीचा आलेख तुम्ही पाहिला नसेल तर सांगते: डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. अण्णांची रेघ डावीकडे जवळजवळ सरळ होती आणि उजवीकडे घाटातल्या रस्त्यासारखी खाली गेली होती. म्हणजे स, श, त, फ ही व्यंजनं गायब. गाणारा कोणत्या शब्दावर आहे, लय कुठे वाढवणार आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. चारचौघांत चुकण्यापेक्षा त्यांनी मनगट दुखवून घेतलं.

आणि माझे स्पीकर? तीन इंची पडदा. शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खाली ते हात टेकतात. वरचं सगळं स्वच्छ, खालचं काही नाही. अण्णांच्या कानाचा आलेख आणि माझ्या स्पीकरचा आलेख एकमेकांच्या नेमके उलट होते. त्यांना जेवढं ऐकू येत होतं, नेमकं तेवढंच मी वाजवत नव्हते.

आपल्याला हे लक्षात येत नाही, कारण मोबाईलवर ऐकताना वरचे स्वर ऐकून खालचा स्वर मेंदू स्वतःच भरून काढतो. तीस वर्षं तो स्वर ज्याच्या तळहातातून निघाला, तो असल्या भरपाईवर समाधान मानत नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक जुना अ‍ॅक्टिव्ह सबवूफर विकत घेतला. आठ इंची पडदा, आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या खोक्यातच, म्हणून अ‍ॅक्टिव्ह. वायरसाठी अण्णांना घेऊन तपकीर गल्लीत गेले. माझा बेत सोपा होता. बोर्डच्या स्पीकरच्या स्क्रूंना दोन वायरी जोडायच्या आणि त्या सबवूफरच्या मागच्या भोकात घालायच्या.

दुकानदारानं बोर्डचा फोटो बघितला आणि हात वर केला. “मॅडम, यातल्या मायनसला ग्राउंड समजू नका. बोर्ड जाईल.”

घरी येऊन मल्टीमीटर लावला. त्याचं खरं होतं. अशा बोर्डमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं काम करतात, एक वर ढकलतं तेव्हा दुसरं खाली ओढतं. माझा बोर्ड २४ व्होल्टवर चालतो आणि गाणं बंद असतानाही दोन्ही टोकांवर साधारण १२ व्होल्ट होते. त्यातलं एक टोक सबवूफरच्या ग्राउंडला टेकलं असतं तर सरळ शॉर्ट. योग्य जागा शेजारीच होती, लाइन आउटची छोटी जॅक. तिथला सिग्नल अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीचा, कमी ताकदीचा, सबवूफरला हवा तसा. शिवाय मोबाईलवरून आवाज कमी केला की तिथलाही कमी होतो.

वायर लावली, बटण दाबलं. गाणं सुरू व्हायच्या आधीच खोलीत घुंऽऽ सुरू झालं.

मला वाटलं सबवूफर खराब निघाला. अण्णा खुर्चीत मान कलती करून ऐकत होते. “पांढरी पाच,” ते म्हणाले.

“काय?”

“पेटीची पांढरी पाच. तोच सूर लागलाय.”

मी मोबाईलवर पियानोचं अ‍ॅप उघडलं. पांढरी पाच म्हणजे पाश्चात्त्य जी. तिचा अगदी खालचा सूर ४९ हर्ट्झचा, त्याच्या वरचा ९८ चा. आणि आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० आणि १०० वर. दोन वर्षं ज्यांना आम्ही ‘अण्णांना ऐकू येत नाही’ म्हणत होतो, त्यांनी वीज ऐकून तिची पट्टी सांगितली होती.

वीज आत येत होती टीव्हीच्या बाजूनं. टीव्हीपासून बोर्डपर्यंत तांब्याची ऑडिओ वायर होती आणि सेट टॉप बॉक्सची केबल गच्चीवर अर्थ झालेली. सबवूफरचं अर्थ वेगळं, खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटमधलं. दोन अर्थ एकमेकांना वायरींतून भेटले की त्या फेऱ्यातून थोडा प्रवाह फिरतो, आणि तोच ऐकू येतो. यावर काही जण सबवूफरची अर्थची पिनच काढून टाकतात. तसं करू नका, ती पिन तुमच्या जिवासाठी असते. मी तांब्याची वायर काढून ऑप्टिकल वायर लावली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. पांढरी पाच थांबली.

भजन लावलं. अण्णा म्हणाले, “आहे, पण लांब आहे.”

आता दोष खोलीचा होता. बंद खोलीत खर्जाच्या लाटा भिंतींवर आपटून परततात आणि काही स्वर खोलीच्या ऐन मध्यावर जवळजवळ पुसले जातात. बारा फुटांच्या खोलीत हे ४७ हर्ट्झच्या आसपास होतं, आणि अण्णांची खुर्ची बरोबर मध्यावर. यावर एक वेडगळ पण खरा उपाय आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि ऐकणाऱ्यानं भिंतीकडेनं फिरायचं. जिथे आवाज भरीव येईल, ती सबवूफरची जागा.

मी तो जड डबा अण्णांच्या खुर्चीत बसवला. अण्णा जमिनीवर बसले आणि भजनाच्या पंगतीत सरकावं तसे भिंतीकडेनं सरकू लागले. कपाट आणि खिडकीच्या मधे थांबले. जमिनीवर तळहात टेकला.

“हितं.”

शेवटचं एक बटण राहिलं होतं, फेजचं. स्पीकर आणि सबवूफर जिथे एकमेकांना भेटतात तिथे एकाचा पडदा पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल तर दोघं एकमेकांना खातात. मी बटण शून्यावरून १८० वर केलं. अण्णा लगेच म्हणाले, “आता दोघं एका मात्रेवर आले.” मला फरक जेमतेम कळला.

मग मी आवाज वाढवायला गेले, तर ते म्हणाले, “कमी कर. अजून. पखवाज गाणाऱ्याच्या पुढं जात नसतो.” सबवूफरचं बटण पाव भागावर आलं. तो वेगळा वाजतोय हे कळेनासं झालं, पण बंद केला की खोली रिकामी व्हायची. अण्णांचा डावा हात मांडीवर चालू होता.

त्या संध्याकाळी मी रिपोर्टसोबत मिळालेला सूचनांचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. समोर बसून, हळू बोला. ओरडू नका. दोन वर्षं मी नेमकं ओरडत होते. ओरडलं की आवाज चढतो, आणि चढून तो तिकडेच जातो जिथे अण्णांची रेघ कोसळलेली आहे. मी खालच्या पट्टीत, सावकाश विचारलं, “अण्णा, मनगट खरंच दुखत होतं?”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “माणसांसमोर चुकायला लागलो होतो पोरी.”

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मशीन बसवलंय, पण भजनाला काढून ठेवतो म्हणाले. गुरुवारी मंडळात बसले होते. गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत वाजवायचं, शब्द सुटले तर सुटले.

“आणि कणीक?” मी विचारलं.

“तुझ्या आईनं मळली. सैल झाली होती.”