जाऊन येते

जपानमध्ये, ओकायामातल्या माझ्या वसतिगृहाच्या फाटकाशी रोज सकाळी एक आजी पानं झाडत असायच्या. वसतिगृह सांभाळणाऱ्या काकांच्या त्या आई. पहिला आठवडाभर मी सायकल काढताना नुसती मान लववायचे. मग एक दिवस त्यांनी झाडू थांबवला आणि निघताना काय म्हणायचं ते मला शिकवलं, "इत्ते किमास." हे शब्द मला पुण्यातल्या जपानीच्या वर्गातच पाठ झाले होते, पण कळले त्या फाटकाशी. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! आमच्या घरी कुणी 'जाते' म्हटलं की आजी उंबऱ्यावरून परत बोलवायची आणि 'येते' म्हणवून घेतल्यावरच सोडायची. इथल्या आजींचं उत्तरही ठरलेलं, "इत्ते राश्शाइ." जाऊन ये.

जपानी विद्यापीठांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण देवाणघेवाणीच्या योजनेतली आमच्यासारखी बरीच मुलं ऑक्टोबरच्या सत्राला येऊन थडकतात. मुंबईहून कानसाई विमानतळ, तिथून शिन-ओसाका, आणि पुढे शिंकानसेनने पाऊण तासात ओकायामा. पहिले काही दिवस कागदांत गेले. चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा, आरोग्यविमा काढायचा, सायकल घेतली तर तिचीही नोंदणी करायची. ते सगळं सांगत बसत नाही. सांगण्यासारखं भाषेचंच जास्त आहे.

भाषेच्या वर्गात मी फार लवकर शेफारले. शेजारी बसणारी जर्मन मुलगी क्रियापद सापडायला वाक्याच्या टोकापर्यंत जावं लागतं म्हणून कावायची. मला त्यात काय अवघड ते कळेना. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणे. 'काइते ओकु' म्हणजे लिहून ठेवणे. 'मोत्ते कुरु' म्हणजे घेऊन येणे. 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणे. ठेवणे आणि टाकणे यांतला फरक शिकवायला बाईंनी अख्खा तास घेतला, फळ्यावर बाण काढले. मी मनातल्या मनात लाडू डब्यात ठेवला, मग खाऊन टाकला, आणि खिडकीबाहेर बघत बसले. व्याकरण आपलंच आहे, आता उरलं काय, अशी माझी समजूत झाली.

ती उतरली नोव्हेंबरात. इथे बहुतेक विद्यार्थ्यांचा एक 'झेमी' असतो. एक प्राध्यापक, दहा-बारा मुलं, आठवड्यातून एकदा एकाने काहीतरी मांडायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. मी निबंधाला विषय घेतला पाट्यांचा. आपल्याकडच्या पाट्या मना करतात, खडसावतात, कधी थेट अपमानच करतात. इथल्या स्वच्छतागृहात मात्र लिहिलेलं असतं की आपण नेहमी स्वच्छ वापर करता त्याबद्दल आभारी आहोत. आत पाऊल टाकायच्या आधीच आभार! मग घाण करायची हिंमत कुणाची? मी सदाशिव पेठेतल्या दुपारी एक ते चारवाल्या पाट्यांची भाषांतरं वाचून दाखवली, मुलं हसली. सेन्सेई, म्हणजे सर, म्हणाले, "ओमोशिरोइ देसु ने," म्हणजे मजेदार आहे हं. मग म्हणाले, "पण हे... चोत्तो..." आणि खिडकीबाहेरच्या गिंकोच्या झाडाकडे बघू लागले. चोत्तो म्हणजे जरा, थोडं. पुढचं वाक्य येईना, तेव्हा त्यांना दुसरं काहीतरी आठवलं असेल असं मला वाटलं. संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं, सरांना आवडलं.

दुसऱ्या दिवशी उपाहारगृहात माझ्या ट्यूटरने विचारलं, "काल 'चोत्तो'नंतर सेन्सेई थांबले होते ना?" नवख्या परदेशी मुलांना इथे एक जपानी विद्यार्थी मदतीला देतात, त्यालाच ट्यूटर म्हणतात. माझी ट्यूटर तिसऱ्या वर्षाची, कमी बोलणारी मुलगी होती.

"हो. वाक्य अर्धंच राहिलं."

"नाही," ती म्हणाली. "तिथेच संपलं होतं."

म्हणजे निबंध पुन्हा लिहायचा होता. मी चिडले, खोटं कशाला सांगू. पण रात्री अंथरुणात आठवलं, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मुलांना बाबा 'बघू' म्हणायचे. स्थळ पसंत नसलं की आमची मावशी कळवायची, 'पत्रिका जरा...' आणि पुढे काही नाही. समोरच्यांना बरोब्बर कळायचं. जपानी माणसाच्या मनातलं काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या मावश्यांचं बोलणं नीट ऐकावं. मीही ऐकलं नव्हतं, म्हणून तर पहिला मसुदा वाया गेला.

जेवणाचं थोडक्यात. विद्यापीठातलं उपाहारगृह 'सेइक्यो'चं, म्हणजे सहकारी संस्थेचं. तिथल्या पावतीवर उष्मांक आणि लाल, हिरवे, पिवळे गुण छापून यायचे. माझ्या पावतीत पिवळे भरघोस, लाल जेमतेम. पिवळा म्हणजे भात वगैरे, लाल म्हणजे मासे, मांस, अंडी, दूध. मी अंडं खाणारी शाकाहारी. "यात मांस आहे का?" असं विचारलं की "नाही" म्हणत हॅम घातलेली कोशिंबीर समोर यायची, कारण हॅमला कुणी मांस म्हणत नाही. मिसो सूप निव्वळ सोयाबीनचं समजून महिनाभर आवडीने प्यायले. मग कळलं, त्याच्या पाण्यात सुकवलेल्या माशाचा कीस उकळलेला असतो. तेव्हापासून ठरवलं, डोळ्यांना दिसत नाही ते विचारायचं नाही. आईला हे वाचायला देऊ नका.

सुपरबाजारात रात्री आठच्या सुमाराला एक माणूस चिकटपट्ट्यांचं भेंडोळं घेऊन यायचा आणि उरलेल्या डब्यांवर 'निम्मी किंमत' लावत जायचा. त्याच्या मागे आम्ही विद्यार्थी. पण झुंबड नाही. प्रत्येक जण तोफूवरचा मजकूर वाचल्यासारखं करत उभा, नजर मात्र त्या माणसाच्या बोटांवर. पट्टी लागली की शांतपणे हात पुढे. यात तरबेज व्हायला मला दोन महिने लागले.

ओकायामाच मिळावं म्हणून मी अर्जात जोर लावला होता, त्याला कारण एक बाग. आमचं घर सिंहगड रस्त्याला. तिथलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेलं आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. गवतावर पाय पडला की शिट्टी वाजायची, तीच माझी जपानची पहिली ओळख. मूळ बाग या उद्यानाच्या तिपटीहून मोठी. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये ती करायला घेतली, 1700 मध्ये पुरी झाली. आसाही नदीच्या पलीकडे काळा किल्ला दिसतो, कावळ्याचा किल्ला म्हणतात त्याला. त्याचा मुख्य मनोरा मात्र 1945 च्या जूनमधल्या बॉम्बहल्ल्यात जळला. आज दिसतो तो 1966 मध्ये काँक्रीटमध्ये बांधलेला.

मी गेले होते आपली बाग ओळखायला. पूल, तळं, दगडी दिवे, सगळं ओळखीचं निघालं. पण मधेच भाताचं खाचर! सरदाराच्या बागेत चक्क भातशेती, शिवाय चहाचा मळा. जूनमध्ये तिथे लावणी होते. मुळशीकडच्या मामांच्या शेतावर लावणीला मी चिखलात उतरले आहे. इथे मात्र दोरीच्या अलीकडे उभं राहून ती बघायची.

बागेत लाल टोपीचे क्रौंच पाळलेले आहेत. युद्धानंतर ते संपले होते. चिनी लेखक ग्वो मोरुओ तरुणपणी ओकायामात शिकायला होता. त्याने 1956 मध्ये दोन क्रौंच पाठवले, आणि बागेत पुन्हा क्रौंच आले. एका जुन्या परदेशी विद्यार्थ्याने शिकल्या गावाला पक्षी पाठवावेत, याचा मला उगाच हेवा वाटला. एक जानेवारीला क्रौंचांना मोकळं सोडतात. त्या सकाळी बोटं बधिर झालेली, नाक वाहतंय, आणि तो पक्षी माझ्यापासून वीस पावलांवर, सोवळ्यातल्या बाईसारखा पाय उचलून उचलून टाकत चाललाय. मी फोटो काढायला विसरले.

ऑगस्टमध्ये निघाले. कायमचं निघताना म्हणायचं वाक्य वेगळं असतं, 'ओसेवा नि नारिमाश्ता', आपण माझं फार केलंत. ते मी घोकून ठेवलं होतं. फाटकाशी म्हटलंही, एक अक्षर न चुकता. आजींनी ऐकून घेतलं, माझ्या बॅगेच्या पट्ट्याला चिकटलेलं पान काढलं आणि रोजच्याच सुरात म्हणाल्या, "इत्ते राश्शाइ."

अर्ज करणाऱ्यांना एकच सांगते. शब्दकोश नेऊ नका, फोनमध्ये सगळं मिळतं. मेतकूट न्या. तिथल्या चिकट गरम भातावर ते आंबेमोहरावर लागतं तितकंच छान लागतं. ट्यूटरने पहिला घास घेऊन "फुरिकाके!" म्हटलं, भातावर भुरभुरायच्या त्यांच्या चुऱ्याचं ते नाव, आणि मग डबा आपल्याकडेच ओढून घेतला. मी पाव किलो नेलं होतं. डिसेंबरातच संपलं.