सात हजार कुठे गेले?

नाशिकला कॉलेज रोडवर आमचा व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नसराईचं फुटेज ठेवायला नवी एनव्हीएमई एसएसडी घेतली. खोक्यावर आकडा होता सेकंदाला ७,००० एमबीचा. खात्री करावी म्हणून लिनक्सवर एफआयओ चालवलं, जेन्स अॅक्सबो यांनी लिहिलेलं वेग मोजण्याचं साधन. उत्तर आलं १२,०००! डिस्क स्वतःच्या ताकदीपेक्षा जास्त कशी पळेल?

सर्व्हर सांभाळणाऱ्या मामेभावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे, तू डिस्क मोजलीच नाहीस, रॅम मोजलीस. फाइल आधीच तिथे येऊन बसलीय. डायरेक्ट=१ लाव."

लावलं, तर ३,५००. बरोबर निम्मे. दोन दिवस ड्रायव्हर धुंडाळले. शेवटी लिंकचा वेग तपासला, तेव्हा १६ जीटीच्या जागी ८ दिसले. मी डिस्क बसवली होती तो खालचा स्लॉट पीसीआयई ३.० चा होता. बारीक स्क्रू काढला, पट्टी वरच्या स्लॉटात सरकवली आणि ६,९०० आले. त्या रात्री शांत झोप लागली.

सकाळी चार केबीचे विखुरलेले तुकडे एकेक करून वाचून बघितले. सत्तर एमबी! पुन्हा फोन.

"लासलगावच्या मार्केटात एकच ट्रॅक्टर आत सोडला, तो रिकामा झाल्यावर दुसरा बोलावला, तर बाकीचे हमाल काय करतील?"

"बसून राहतील."

"तुझी डिस्कही बसून आहे. रांग वाढव."

रांगेची खोली एकावरून बत्तीस केली आणि आकडा कित्येक पटींनी उसळला. डिस्क तीच, स्लॉटही तोच, फक्त तिच्यापुढे मागण्या बत्तीस. मी कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिलो. पण प्रोजेक्ट उघडताना माझं सॉफ्टवेअर बारीक तुकडे बरेचदा एकामागून एकच मागतं. तिथे मला ते सत्तरच जास्त जवळचे.

राहिलं लिहिणं. सलग ४०० जीबी लिहायला घेतले. दीडशेच्या आसपास वेग १,३०० वर कोसळला. डिस्क आधी प्रत्येक सेलमध्ये एकच बिट ठेवते, म्हणून झपाट्याने लिहिते. ती राखीव जागा भरली की एकेका सेलमध्ये तीन बिट बसवावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. आता कुठलीही नवी डिस्क आली की मी आधी सलग ४०० जीबी लिहून बघतो. आमच्याकडे एका लग्नाचं फुटेज साधारण तेवढंच भरतं.