दिवा पाठवतेय, चिंच लावू नकोस

सदाशिव पेठ, पुणे

चि. रेवा,

आजोबांचा टेबलावरचा दिवा आज खोक्यात भरला. उचलताना तुझे काका म्हणाले, "यात काय दगड भरलेत?" म्हटलं, एकच भरलाय. सहा इंच चौरस, इंचभर जाड संगमरवराची बैठक. एकटीच दीड किलोच्या वर भरते. वरचा पितळी खांब तिच्यापुढे काहीच नाही.

आजोबांनी हा जुन्या बाजारात घेतला, एका रविवारी. बैठक गालाला लावून पाहिली म्हणे. खरा संगमरवर गार लागतो, साच्यातला नकली तेवढा नाही. मग तासभर घासाघीस.

तू लहानपणी केळकर संग्रहालय पाहिलंयस, पण धावतपळत. पुन्हा जाशील तेव्हा मस्तानी महालाआधी दिव्यांपाशी थांब. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून ते जमवले आणि सात वर्षांचा असताना गेलेला मुलगा राजा, त्याचं नाव संग्रहालयाला दिलं. (लोकांना अजून वाटतं, हा कुणी संस्थानिक!) पुढे सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. तिथल्या समया बघ. बैठक पितळेचीच, खाली पसरट. लामणदिवा तर साखळीलाच. दगड लागतोय कशाला? समई जमिनीवर, माणूसही पाटावर. टेबल-खुर्ची आली तसा दिवा वर चढला, कोपराचा धक्का लागायची धास्ती आली, आणि त्याच्या पायात दगड बांधावा लागला. हे माझं आपलं अनुमान हं, केळकरांच्या माथी मारू नकोस.

आता मुद्द्याचं. पितळ काळवंडलंय, तुझा हात पहिला चिंचेकडे जाईल. माझाही गेला होता. लग्नाच्या आदल्या दिवाळीत मी खांब असा लख्ख केला की विचारू नकोस. चिंचेचं पाणी ओघळून बैठकीवर साचलं, ते मला दिसलंच नाही. पुसलं तेव्हा तेवढ्या जागेची झिलई गेलेली, हाताला खरखरीत. संगमरवर मुळात चुनखडीचाच. आंबट लागलं की विरघळतो. चिंच, लिंबू, ताक, व्हिनेगर सगळं वर्ज्य.

म्हणून आधी तळाचा नट सोडव आणि बैठक वेगळी काढ. खांबाला मग चिंच लाव नाहीतर पितांबरी. दगडाला साधं पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ कापड. लगेच कोरडा कर. एका कोपऱ्यात तेल मुरलंय. तिथे खायच्या सोड्याचा घट्ट लेप लावून रात्रभर झाकून ठेव, थोडं तेल ओढून घेईल. सगळं नाही जायचं. वायर मात्र नवीच घाल, जुनीचं कापड हातात येतंय.

आजोबा तेव्हा मला एक शब्द बोलले नाहीत. दिवा उचलला, डागाची बाजू भिंतीकडे फिरवली आणि वाचायला बसले. पुढे रोज आई तिथला केर काढायची, दिवा हलायचा, आणि संध्याकाळी ते तो पुन्हा तसाच फिरवून ठेवायचे.

खोक्यावर बाण काढलाय, ती वरची बाजू. पोचला की फोन कर.

तुझी,
आत्या